म्हातारीच्या पाठीवरून माहीमचं बेणं

समुद्र बघून आलात म्हणे, कसा होता, असं परत आल्यावर गल्लीतल्या प्रत्येकीनं मला विचारलं. मी खरं तेच सांगितलं. आम्ही गेलो तेव्हा तो घरी नव्हता. मग आला, आणि आल्या आल्या त्यानं मला उचलून घेतलं. यावर सगळ्या पदराआड हसल्या, म्हणून आता नीट सगळं लिहून काढते.

आमचं घर मिरजेच्या पूर्वेला, पानमळ्यांच्या पट्ट्यात. खायची पानं पिकवायची, खुडायची, करंड्या भरून लांबच्या बाजाराला पाठवायची, हा सासरचा पिढीजात धंदा. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. त्या पावसाळ्यात मळ्यात मर शिरली. वेली बुडाशी काळ्या पडायच्या आणि ज्या शेवरीच्या झाडावर चढवलेल्या, तिथंच वाळून लोंबायच्या. दसऱ्यापर्यंत उभा मळा गेला. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आधी जेवण कमी केलं, मग बोलणं. दिवसभर बांधावर बसून त्या रिकाम्या शेवऱ्यांकडं बघत राहायचे. पानाच्या एका दलालानं सांगितलं की पालघरजवळच्या माहीम गावात निरोगी वेल आहे, तिथलं बेणं आणून लावून बघा. मामंजी एवढंच म्हणाले, "आणा. ह्ये बी गेलं तर शेवऱ्या तोडा आन ऊस लावा." पानमळ्यात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडून ऊस हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आमच्या घरचा एक नेमही इथंच सांगते. पानमळ्यात पायताण घालून कुणी जायचं नाही, आणि बाईनं तर जायचंच नाही. गावात इतरांच्या मळ्यात बायका जातात, आमच्यात नाही. लग्न होऊन आलेली मी, मुलं कॉलेजात गेली तरी आमची वेल बांधावरूनच पाहिलेली. भाकरीची दुरडी बांधावर ठेवायची, "काय म्हणतीया वेल?" असं विचारायचं आणि माघारी फिरायचं. या प्रवासालाही मी गेले ती वेलीसाठी नव्हे. यजमानांना साखरेचा आजार, वेळेवर भाकरी मिळाली नाही तर ते भोवळतात आणि भोवळण्याआधी भांडतात. म्हणून डब्यांची पिशवी आणि मी, असं दोन्ही सामान गाडीत पडलं.

गाडी आमचीच. मूळची पेट्रोलवरची जीप, मागं हौदा लावून पिकअप केलेली, आणि पुढं कधीतरी पोटात डिझेलचं इंजिन घातलेली. घरात सगळे तिला म्हातारी म्हणतात. चढाला खोकते, उताराला कण्हते, सपाटीला लागली की आपल्याच नादात गुणगुणते. यजमान तिच्यावर कधी रागावत नाहीत. रागवायला मी असतेच.

वाघोबाची खिंड आणि पालघर

पुणं, मुंबई, मोठा रस्ता हे सगळं सोडून देते. ते तुम्ही पाहिलेलं असेल आणि मी त्यातलं बरंचसं झोपेत पाहिलं. मनोरला महामार्ग सोडून आम्ही पालघरच्या रस्त्याला लागलो आणि मला खडबडून जाग आली. एवढा हिरवा आमच्याकडं देवाचा शेलासुद्धा नसतो. डोंगर उतरत थेट रस्त्याला येऊन टेकलेले, खाली भात पिवळं पडून कापणीला आलेलं, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत पुरुषभर उंच गवत.

खिंडीत वाघोबाचं ठाणं आहे. वाघालाच देव मानून त्याच्यापुढं नारळ ठेवतात. आमच्याकडं पिकाची नासाडी करणाऱ्या उंदरालाही गणपतीचं वाहन म्हणून हात जोडतात, पण जो आपल्याला खातो त्याच्याशी अशी सोयरीक करणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली आणि मनापासून हात जोडले. हात जोडते तोवर म्हातारीखाली बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला आणि ती एका कुशीवर कलली. मागचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंगची पट्टी, तुटला होता.

तशाच लंगडत पालघरला पोचलो. स्टेशनच्या अलीकडं गवताच्या वखारी लागतात. गवत दाबून त्याचे चौकोनी गठ्ठे बांधतात आणि घराएवढ्या थप्प्या लावतात. त्या वखारीशेजारच्या मिस्त्रीनं भंगारातल्या ट्रकचा एक पाटा शोधून काढला, तापवला, ठोकला आणि बसवून दिला. यजमान खूश. म्हणाले, "बघ, आता म्हातारी ट्रकाच्या पायावर चालती." मी म्हटलं, बाकीचे अवयव अजून म्हातारीचेच आहेत.

माहीम

माहीमला हिराकाकींच्या वाडीत गेलो. वाडी म्हणजे आमच्यासारखा उघडा मळा नव्हे. वर माड आणि सुपारी, त्याखाली केळी, आणि त्या केळीच्या सावलीत, पांगाऱ्याच्या खांबांवर चढलेली पानवेल. बेड्याशी, म्हणजे वाडीच्या फाटकाशी, साठीची एक बाई काष्टा मारून उभी. याच हिराकाकी. नवरा गेल्यापासून वाडी त्यांच्याच हातात होती. त्या यजमानांना पहिला शब्द बोलल्या तो, "चपला काढा."

मला बरं वाटलं. म्हणजे नेम इथंही तोच. मी सवयीनं बाहेर उभी राहिले.

"तू काय पाहुणी हायस? ये ना आत."

"आमच्यात बायका पानमळ्यात जात न्हाईत."

"मंग तुमच्या वेली बघतं कोण?"

"बाप्ये बघत्यात."

हिराकाकींनी यजमानांकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्हणून मेल्या काय?" त्या म्हणाल्या. यजमानांना एकाएकी मोठा खोकला आला.

मी चपला काढून आत पाऊल टाकलं. काय सांगू? उन्हाचं आणि त्या वाडीचं भांडण असावं, असा तिथं गारवा होता. पायाखाली ओली, मऊ, काळी माती. डोक्याच्या वर हिरव्या पानांचे पडदे, आणि त्यातून गाळून आलेला उजेडही हिरवाच. ज्या पानावर माझं घर उभं राहिलं, माझ्या मुलांची शिक्षणं झाली, ते पान वेलीवर कसं बसतं ते मी तेव्हा पाहिलं. देठाशी बोट लावलं तर थंडगार. मला रडू आलं. हिराकाकींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दिवसभर त्यांनी एकेक वेल पारखून बेण्याच्या कांड्या काढल्या. ओल्या शेवाळात नव्हे की पोत्यात नव्हे, केळीच्या सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, गुंडाळल्या आणि केळीच्याच दोरानं जुड्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी म्हणाल्या, "पदर धर." हळदकुंकू लावलं, आणि तांदूळ, सुपारी आणि पहिली जुडी माझ्या ओटीत घातली. त्यांच्या घरची ही रीत. बेणं बाईच्या हातून बाईच्या ओटीत जातं, मुलीच्या पाठवणीसारखं.

"आता एक ऐक," त्या म्हणाल्या. "वाटेत हिला भुईला टेकू द्यायची नाय. गाडीत ठेव, मांडीवर ठेव, पण भुईवर नाय. वेलीचा सांधा भुईला टेकला का ती तिथं जीव लावते. मंग तुझ्याकडं येऊन पण ती तुझी होत नाय."

"आन वाटंत गाडी बंद पडली तर?" मी विचारलं. म्हातारीला माझ्याइतकं कोण ओळखतं!

"पडली तर पडली. पण हिकडं माघारी आणू नको. पाठवणी केलेली पोर त्याच दिवशी परत आणत नाय."

समुद्र

हौद्यात जुड्या रचून, वर ओली पोती टाकून आम्ही निघालो. मी यजमानांना म्हटलं, एवढं आलोय तर समुद्र दाखवा, मी जन्मात पाहिलेला नाही. ते म्हणाले, पाच मिनिटांत बघ आणि चल. कोळीवाड्याच्या पलीकडं, खाडीच्या तोंडाशी, वाळूतून म्हातारीला रेटत नेली.

समुद्र नव्हता. समोर मैलभर ओला चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि पार टोकाला सुईसारखी एक चकाकती रेघ. मी यजमानांकडं पाहिलं. ते म्हणाले, "ओहोटी हाय. मी काय करू?"

तेवढ्यात म्हातारीच्या नाकातून वाफ निघाली. वाळूत पहिल्या गियरवर ओढून तिचं पाणी उकळलं होतं. यजमानांनी घाईनं रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळत्या पाण्याचा फवारा त्यांच्या डाव्या हातावर आला. ओरडले, नाचले, पण गडी हट्टी. उजव्या हातानं डबा उचलला आणि चिखलातून वाहणाऱ्या ओहोळाचं पाणी भरून रेडिएटरमध्ये ओतत राहिले. आमच्या कोरड्या मुलखात पाणी दिसलं की ते भरून घ्यायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

होडीच्या आडून एक तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, धावत आला. त्याचं नाव रामा. "अरे अरे! खाडीचं पानी घालतंस? गाडीला मीठ लावून बोंबलासारखी सुकत घालायची हाय काय?"

मागं बांबूच्या मांडवावर बोंबील खरोखरच सुकत टांगले होते. यजमानांचा चेहरा त्या बोंबलांसारखाच झाला. मीठ तर मीठ, पण त्या पाण्यातला गाळ जाऊन रेडिएटरच्या नळ्या तुंबल्या होत्या. रामा म्हणाला, खाली उतरवून उलटा करून धुवायला लागेल, दुपार जाईल.

दुपार! आणि भर उन्हात हौद्यातलं बेणं. पोती आत्ताच कोमट लागत होती. सावली होती ती मांडवाखाली, पण ती भुईवर. माघारी वाडीत न्यायची सोय नाही. मी जुडी छातीशी धरून तशीच उभी राहिले. रामाची बहीण कमळाबाय मासळीची पाटी डोक्यावर घेऊन येत होती, ती थांबली. मी तिला हिराकाकींचा नेम सांगितला. आता हसेल असं वाटलं. ती हसली नाही. जरा विचार करून म्हणाली, "होडीत ठेव. शिडाचं कापड वर टाकू."

"होडी पण भुईवरच हाय की," यजमान हात फुंकत म्हणाले.

कमळाबाय फणकारली. "होडी कधी भुईची झाली नाय. आता टेकलीय, ती पण घटकाभर." मग माझ्या पायाकडं बघून म्हणाली, "चपला काढ. होडीत चपला चालत नाय."

मळ्याचा नेम समुद्रावरही! चपला वर मांडवाशी ठेवून मी होडीत चढले, आणि एकेक जुडी कमळाबायनं खालून दिली ती मी घेतली. आम्हा दोघींच्या मध्ये भुईला एकही सांधा लागला नाही. मग तिनं यजमानांच्या हाताला कोरफडीचा गर चोपडून वर फडकं बांधलं, आणि त्यांना मुलासारखं दटावून मांडवाखाली बसवलं.

रामा आणि त्याच्या घरच्या बायका कामाला लागल्या. गोड पाण्याची विहीर गावात. बायका हंडे भरून आणायच्या आणि तो उलट्या रेडिएटरच्या बुडातून पाणी सोडायचा. वरून चिखल यायचा, मग गढूळ पाणी, मग नितळ. काम करता करता म्हणाला, "आमच्या मोठ्या होडीत पण ह्याच जातीचं इंजिन हाय. फक्त तिला गार करायला समुंदर हाय, आन तुमच्या हिला हंडाभर पानी. हिचं कवतिक करा." म्हातारीची एक बहीण रोज समुद्रावर जाते हे ऐकून यजमान आपलं दुखणं विसरले. मलाही माझ्या खोकणाऱ्या गाडीबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा आदर वाटला.

मी होडीतच बसून राहिले. दुपार कलली तशी ती लांबची रेघ जाड झाली. मग ती रुंद झाली. आवाज काहीच नाही. चिखलावर पाण्याची एक पातळ पोळी पसरत आली, मागं हटली, पुन्हा पुढं आली. बघता बघता होडीच्या बुडाशी पाणी लागलं. आणि मग होडी हलली. एका बाजूला कलंडलेली होडी हळूच सरळ झाली आणि मला, बेण्याला, शिडाच्या कापडाला घेऊन वर उठली. माझ्याखाली भुई नव्हती. समोर नजर पोचेल तिथवर पाणी, सूर्य त्यावर उतरलेला, आणि एवढं थोरलं काहीतरी कुणी न बोलावता, कुणी न ढकलता आपल्या पायानं घरी आलं होतं. मी देवळात इतक्या वेळा हात जोडले असतील, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. कमळाबाय कमरेइतक्या पाण्यात होडीचा दोर धरून उभी होती. तिला त्याचं काही नव्हतं. "बोलली ना मी?" ती म्हणाली. "घटकाभर."

बोईसर

जुड्या होडीतून तशाच हातोहात हौद्यात आल्या. यजमानांचा डावा हात बांधलेला. गाडी चालवायला उजवा पुरे, पण गियर बदलायला डावाच लागतो. शेवटी असं ठरलं की ते स्टिअरिंग धरतील, क्लच दाबतील आणि ओरडतील. गियर मी टाकायचा. "दुसरा!" की मी दांडा मागं ओढायचा. "तिसरा!" की पुढं ढकलायचा. पहिल्यांदा मी तिसऱ्याऐवजी पहिला टाकला तेव्हा म्हातारीनं असा हंबरडा फोडला की पुढचा सायकलवाला शेतात उतरला. संसारात इतकी वर्षं माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं आणि मीही कुणाचं. पण पालघर यायच्या आत आमचा मेळ बसला.

तिथं वॉटर पंपाचा दांडा तुटला. पंखा, पट्टा, सगळं थांबलं. मिस्त्रीनं बघितलं आणि सांगितलं की हा दांडा एवढ्या जुन्या इंजिनाचा आहे की दुकानात मिळणार नाही, बोईसरला लेथवर करून घ्या. बोईसरजवळ सरावलीत आमच्या गावचा महादेव राहत होता, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात फिटर. बोईसरकडं निघालेल्या गवताच्या ट्रकनं दोर बांधून म्हातारीला ओढत नेलं, आणि आम्ही अंधार पडल्यावर सरावलीत उतरलो.

बोईसर म्हणजे वेगळंच जग. धुराडी, दिवे, नाकात चुरचुरणारा वास. रस्त्यानं चालावं तर एका वळणावर हिंदी, दुसऱ्यावर मद्रासकडची भाषा, तिसऱ्यावर आमच्या मिरजेकडची शिवी. आमच्या गावात परका माणूस आला की पोरं मागं लागतात. इथं सगळेच परके, म्हणून कुणीच परका नाही. पलीकडं समुद्राच्या काठी अणूपासून वीज करतात असं महादेवनं सांगितलं. मी विचारलं, अणू दिसतो का? तो म्हणाला, काकू, दिसला असता तर आधी आमच्या साहेबानं घरी नेला असता.

त्याच्या चाळीतली खोली लहान, तिथं चौघं राहायचे आणि खाटा दोन. दिवसपाळीचा उठला की त्याच खाटेवर रातपाळीचा झोपायचा. ती खाट कधी गार पडत नसे. रस्त्यावरच्या उघड्या हौद्यात बेणं रात्रभर ठेवायला मन होईना, आणि खोलीची फरशी म्हणजे पुन्हा भुईच. मी बेणं मांडीवर घेऊन दारातच बसले. महादेवला नेम कळला तसा तो काही न बोलता उठला आणि एका खाटेवरचं अंथरूण गुंडाळलं. "ह्यावर ठेवा काकू. रातपाळीचा सकाळी येतुया, तवर बघू."

शेजारच्या बायकांनी पाणी आणून दिलं, मी जुड्यांवर शिंपडत राहिले. सोपटं कडेनं पिवळी पडायला लागली होती. यजमान कोपऱ्यात बसून भाकरी चघळत होते. हळू आवाजात म्हणाले, "तात्यांना काय सांगायचं गं?" ते आपल्या वडलांना तात्या म्हणतात. मी उठून पोती पुन्हा ओली केली.

सकाळी रातपाळीचा माणूस आला. रामआसरे त्याचं नाव, उत्तरेकडचा, डोळे तांबारलेले. आपल्या खाटेवर ओल्या पोत्यांचा ढीग बघून थबकला. मी घाईनं उठले. त्यानं पोतं जरासं उचललं, सोपट बाजूला केलं, आणि आतल्या पानाचा वास घेतला.

"पान है?" तो म्हणाला. "अम्माजी, हमारे घर में यही काम होता है। हमारे यहाँ पान के खेत को बरेजा कहते हैं।" त्यानं जुडीला हात लावून तो कपाळाला लावला. मग महादेवला विचारलं, "गाड़ी में क्या टूटा है?"

पंपाचा दांडा तुटल्याचं सांगितलं. तो हसला. "खरादी हूँ मैं। पूरे बोईसर में ऐसा हाथ किसी का नहीं, जिससे चाहो पूछ लो।" खराद म्हणजे लेथ. रात्रभर उभं राहून आलेला तो माणूस तोंडावर पाणी मारून आमच्याबरोबर निघाला. त्याच्या ओळखीचं एक वर्कशॉप सालवडला होतं. मी एक जुडी हातात घेतली, का ते मला ठाऊक नाही, आणि मागोमाग गेले. दारात पोचताच मी आपसूक चपला काढल्या.

"अरे अरे, चप्पल मत निकालिए!" रामआसरे ओरडला. "नीचे लोहे की छीलन है, पैर कट जाएगा। बरेजा होता तो मैं भी निकालता।"

मी परत चपला घातल्या. त्यानं लोखंडाची एक गंजकी कांब लेथमध्ये धरली आणि यंत्र सुरू केलं. कांब फिरायला लागली, त्यानं हत्यार लावलं, आणि तिच्यातून लोखंडाची साल निघायला लागली. लोखंडाची साल! बटाट्याची निघावी तशी, लांब, वळसे घेत, आधी चंदेरी आणि मग तापून निळी. आतून आरशासारखा दांडा उघडा पडत गेला. मध्येच तो यंत्र थांबवायचा, तुटका दांडा शेजारी धरून नुसत्या अंगठ्यानं दोन्हींची जाडी चाचपायचा, मग मापानं तपासायचा, आणि माप त्याच्या अंगठ्याशी सहमत झालं की माझ्याकडं बघून भुवई उडवायचा. मी खरोखर टाळी वाजवली. जुडी काखेत होती म्हणून एकाच हातानं मांडीवर.

तो काम करत असतानाच मी त्याला विचारलं, तुमची आई जायची का बरेजात?

"अम्मा? कभी नहीं। औरतें अंदर नहीं जातीं। बाहर से ही पूछती थीं, बेल कैसी है?" त्यानं यंत्र बंद केलं. "मरते समय भी यही पूछा।"

मग त्यानं पुन्हा यंत्र चालू केलं. दांडा तयार झाला, पंप बसला, म्हातारी गुणगुणायला लागली. रामआसरे परत खोलीत आला तेव्हा मी खाट मोकळी करू लागले, पण त्यानं हात जोडून अडवलं आणि आम्ही निघेपर्यंत फरशीवरच झोपून घेतलं. मी त्याच्या उशाशी हिराकाकींनी दिलेली सुपारी ठेवली.

पुन्हा खिंड

परतीच्या वाटेवर वाघोबाच्या खिंडीत म्हातारीनं शेवटचा डाव टाकला. डिझेलच्या नळीत हवा शिरली आणि चढावर ती गप्प झाली. यजमान बॉनेटमध्ये डोकं घालून एका हातानं पंप मारत होते. रस्त्याच्या कडेला डोंगरातलं एक कुटुंब भांडीकुंडी घेऊन ट्रकची वाट बघत बसलं होतं. वीटभट्टीच्या कामाला चाललेलं. त्यातली बाई उठून आली आणि हौद्यात डोकावली. मी तिला दाखवायला एक जुडी उचलली, दोर सैल झाला होता, आणि एक कांडी निसटून भुईवर पडली.

माझ्या तोंडून हाय निघाली. वाकून उचलणार, पण हात थबकला. हिराकाकींचा शब्द. मी त्या बाईला म्हटलं, "आता ही माझी न्हाई. ही इथली झाली."

तिनं का म्हणून विचारलं नाही. कांडी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "आमी तर चाललो," ती म्हणाली. "पण सासू घरी हाय. तिला देतंय धाडून. हिरीपाशी लावल ती." आणि पदरात बांधून घेतली. स्वतः घर सोडून निघालेली बाई माझ्या वेलीच्या घराची सोय करत होती. वाघोबापुढं मी पुन्हा हात जोडले, या वेळी तिच्यासाठी.

घर

दुसऱ्या दिवशी मळ्याच्या बांधाशी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हातारी बांधाला नाक लावून थांबली आणि आपणहून बंद पडली. मामंजी तिथंच बसलेले. सऱ्या तयार होत्या, पाणी सोडून ठेवलं होतं. त्यांची कंबर धरलेली, काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं. त्यांनी आधी यजमानांच्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं, मग हौद्याकडं.

मी पोतं बाजूला केलं. वरचं सोपट पार सुकलं होतं. ते उलगडलं. आतली पानं काही मलूल होती, काही नव्हती. पण सांध्यासांध्यावर पांढऱ्या, बारीक मुळ्या फुटल्या होत्या, नवजात बाळाच्या नखासारख्या. मी पहिली जुडी उचलून छातीशी धरली आणि मामंजींसमोर नेली. त्यांनी एका मुळीला बोटाचं टोक लावलं.

"भुईला टेकलं न्हाई न्हवं कुटं?" त्यांनी विचारलं. आमच्याकडंही हा नेम असल्याचं मला तेव्हा कळलं.

"न्हाई मामंजी."

त्यांनी मळ्याकडं पाहिलं. मळ्यातले गडी केव्हाच घरी गेले होते. यजमानांना एक हात, त्यांना स्वतःला काठी. जुडी माझ्या छातीशी, आणि मी बांधावर, माझ्या नेहमीच्या जागी. मी ती खाली ठेवू शकत नव्हते आणि पुढंही जाऊ शकत नव्हते. पाटात पाणी तेवढं वाजत होतं.

मामंजी काठी टेकून उठले आणि वाटेतून बाजूला झाले.

"चपला काढ," ते मला म्हणाले.